विश्लेषण : बंदर आपले, वेळापत्रक परक्यांचे! मालवाहू ‘लायनर’ जहाजे चालतात तरी कशी?

फेब्रुवारी २०२४ मधली गोष्ट. निफाड तालुक्यातल्या माझ्या मामाचा रात्री दहाला फोन आला. मामा द्राक्ष बागायतदार. गावातल्या सात-आठ शेतकऱ्यांसोबत मिळून तो युरोपला माल पाठवतो. त्या आठवड्यात त्यांचा एक रीफर कंटेनर, म्हणजे आत गारवा राखणारा डबा, न्हावा शेव्याला पोहोचला होता. तपासण्या झाल्या होत्या, कागद पूर्ण होते.

‘‘मामा, जहाज सुटलं का?’’ मी विचारले.

‘‘सुटलं गं. पण आपला डबा घेतलाच नाही. एजंट म्हणतो, ‘रोल’ झाला, पुढच्या जहाजाला बघू. आता तू सांग, तू इंजिनीअर ना? बुकिंग केलंय, पैसे भरलेत, डबा धक्क्यावर उभा आहे. मग सोडून जातातच कसे?’’

माझ्याकडे उत्तर नव्हते. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत आम्हाला बोल्ट किती ताण सहन करतो ते शिकवले होते, शेतकरी किती करतो ते नाही. पुढचे काही महिने डेस्कवर तांबड्या समुद्राच्या बातम्या करताना मी या प्रश्नाचे उत्तर शोधत राहिले. ते जहाजाच्या आकारात किंवा बंदराच्या खोलीत नव्हते. ते वेळापत्रकात होते, आणि ते वेळापत्रक कोण ठरवतो यात होते.

‘लायनर’ म्हणजे नेमके काय?

मालवाहू जहाजांचे ढोबळ दोन प्रकार पडतात. एक ‘ट्रॅम्प’. हे ठरवून केलेल्या टेम्पोसारखे. कोळसा, लोहखनिज, गहू असा एकाच मालकाचा मोठा माल असेल तर आख्खे जहाज भाड्याने घ्यायचे. माल जिथे, जहाज तिथे. भाव दर फेरीला वेगळा.

दुसरा प्रकार ‘लायनर’. हा आपल्या एसटीसारखा. मार्ग ठरलेला, थांबे ठरलेले, वार ठरलेला. समजा, दर गुरुवारी न्हावा शेवा, मग मुंद्रा, मग सुएझ, मग रॉटरडॅम. तुमचा एक डबा असो वा पाचशे, जहाज सुटायचे तेव्हा सुटणार. आपल्या घरातला टीव्ही, औषधांचा कच्चा माल, चपला, सुटे भाग, द्राक्षे हे सारे याच जहाजांतून येते-जाते. कोकणातल्या जुन्या पिढीला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. भाऊच्या धक्क्यावरून सुटून बंदर-बंदर करत मालवण, वेंगुर्ल्याकडे जाणारी आगबोट त्यांच्या आठवणीत आहे. माणसे आणि माल दोन्ही घेऊन ठरल्या मार्गाने जाणारी ती छोटी लायनरच होती.

ठरल्या दिवशी सुटायचे, ही कल्पना आज साधी वाटते. पण शिडाच्या जहाजांच्या काळात जहाज भरेपर्यंत कप्तान धक्क्यावर थांबून राहत असे. ५ जानेवारी १८१८ रोजी न्यूयॉर्कच्या ‘ब्लॅक बॉल लाइन’चे ‘जेम्स मन्रो’ हे जहाज बर्फ पडत असताना, पोटात अजून जागा शिल्लक असताना, जाहीर केलेल्या दिवशीच लिव्हरपूलकडे निघाले. नियमित सागरी सेवेची सुरुवात इथून मानली जाते. त्या कंपनीने नुसती वाहतूक विकली नाही, तर भरवसा विकला. व्यापाऱ्याला कळले की माल अमुक दिवशी निघणारच, तेव्हा त्याला पुढचे सौदे आधी करता येऊ लागले.

दोनशे वर्षांनंतरही लायनर कंपनी हाच भरवसा विकते. प्रश्न इतकाच की, तो आता कोणाला मिळतो?

दर आठवड्याला एक जहाज, तर जहाजे किती लागतात?

इथे थोडे गणित करू. अवघड नाही, एसटी डेपोचा वाहतूक नियंत्रकही रोज हेच करतो.

समजा, भारतातून निघून युरोपातली बंदरे करून परत यायला एका जहाजाला ४९ दिवस लागतात. दर आठवड्याला एक सुटणारे जहाज हवे असेल तर ४९ भागिले ७, म्हणजे सात जहाजे लागतील. सातही जहाजे साखळीसारखी एकमेकांमागे सात-सात दिवसांच्या अंतराने फिरत राहतात. एक कडी अडकली की मागची सगळी माळ हलते.

आता शाळेच्या भूगोलातला आकडा आठवा. मुंबई ते लंडन हे अंतर सुएझ कालव्यातून सुमारे ११,६०० किलोमीटर, तर आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपमार्गे सुमारे १९,८०० किलोमीटर. फरक ८,२०० किलोमीटरचा. ताशी १६ सागरी मैलांच्या वेगाने जहाज दिवसाला जेमतेम ७१० किलोमीटर कापते. म्हणजे एका बाजूला साडेअकरा दिवस जास्त, जाऊन-येऊन २३ दिवस. आपली ४९ दिवसांची फेरी ७२ दिवसांची झाली. ७२ भागिले ७ केले की सातऐवजी दहा-अकरा जहाजे लागतात. तीही बाजारात लगेच मिळत नाहीत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतले. पाठोपाठ तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. डिसेंबरमध्ये बड्या कंपन्यांनी एकामागून एक सुएझचा मार्ग सोडला. आपल्याकडे नेमका तोच द्राक्ष निर्यातीचा हंगाम. डिसेंबर-जानेवारीत बाग तयार होते, एप्रिलपर्यंत माल संपतो. वेलीवरचा घड ‘जहाज उशिरा आहे, थांब’ म्हटल्याने थांबत नाही.

मग वेग का वाढवत नाहीत, असे कोणीही विचारेल. कारण पाण्यात वेग फार महाग पडतो. जहाज चालवायला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. उलट बाजूने बघा. वेग २० टक्क्यांनी कमी केला तर शक्ती जवळपास निम्मी लागते. प्रवासाला वेळ अधिक लागतो, तरीही त्याच अंतराला सुमारे ३६ टक्के इंधन वाचते. म्हणून २००८ च्या मंदीनंतर कंपन्यांनी जहाजे मुद्दाम हळू चालवायला सुरुवात केली आणि ती सवय टिकली. कंपनीच्या हिशेबात ती बचत आहे, तर द्राक्षांच्या हिशेबात वाढलेले दिवस.

डबा आला आणि काय बदलले?

२६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन या अमेरिकी ट्रकमालकाचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ डबे घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. त्याआधी पोती, खोकी, पिंपे एकेक करून चढवली-उतरवली जात. जहाज समुद्रात कमी आणि धक्क्यावर जास्त दिवस असे. मॅकलीनने ट्रकचा डबाच उचलून जहाजावर ठेवला. पुढच्या दशकात डब्याची मापे जगभर एकसारखी ठरली. २० फूट लांब, ८ फूट रुंद. आजही जहाजाची क्षमता ‘टीईयू’मध्ये, म्हणजे २० फुटी डब्यांत मोजतात. सर्वात मोठी जहाजे आता २४ हजारांहून अधिक टीईयू नेतात.

आपल्याकडे १९८९ मध्ये न्हावा शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. मुंबई गोदीतला डब्यांचा व्यवहार हळूहळू खाडीपलीकडे गेला. आज देशातल्या प्रमुख बंदरांवर हाताळल्या जाणाऱ्या कंटेनरपैकी जवळपास निम्मे एकट्या न्हावा शेव्यात हाताळले जातात. २०२४-२५ मध्ये तिथे ७० लाखांहून अधिक टीईयू हाताळले गेले. उरण-पनवेलच्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगेत कधी अडकला असाल तर हा आकडा तुम्ही डोळ्यांनी पाहिला आहे.

डब्यामुळे वाहतूक इतकी स्वस्त झाली की कपडा एका देशात, बटण दुसऱ्या देशात आणि शिलाई तिसऱ्या देशात परवडू लागली. मात्र मोठे जहाज भरले तरच स्वस्त पडते. मोठी जहाजे घ्यायला अब्जावधी डॉलर लागतात. ज्यांना ते जमले नाही त्या कंपन्या विकल्या गेल्या किंवा बुडाल्या. आज जगातल्या कंटेनर जहाजांच्या क्षमतेपैकी चार-पंचमांशाहून अधिक क्षमता पहिल्या दहा कंपन्यांकडे आहे. ‘एमएससी’ पहिली, ‘मर्स्क’ दुसरी. या दहांत भारतीय कंपनी एकही नाही.

जहाज येणारच नाही, असे कसे होते?

मामाच्या प्रश्नाकडे परत येऊ. लायनरच्या धंद्यात दोन शब्द प्रत्येक निर्यातदाराला पाठ असतात. एक ‘ब्लँक सेलिंग’. वेळापत्रकात असलेली फेरी कंपनी रद्द करते. मागणी कमी असेल तर दर पडू नयेत म्हणून, किंवा जहाज उशिरा असेल तर साखळी पुन्हा जुळवण्यासाठी. दुसरा ‘रोलओव्हर’. जहाज येते, पण तुमचा डबा न घेता निघते. विमान कंपन्या करतात तसेच इथेही क्षमतेपेक्षा जास्त बुकिंग घेतले जाते, कारण काही डबे ऐनवेळी येतच नाहीत. सगळे आले की कोणाला तरी मागे ठेवायचे. मागे कोण राहतो? ज्याचा वर्षाचा करार हजारो डब्यांचा आहे तो राहत नाही. ज्याचा हंगामात एक-दोन डब्यांचा व्यवहार आहे, तो राहतो.

विमानात असे झाले तर प्रवाशाला भरपाई मिळते, हे आपल्याला माहीत आहे. डब्याला मिळत नाही. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल घेतल्याची सागरी पावती, तिच्या मागच्या बारीक अक्षरांत बहुधा लिहिलेले असते की वेळेवर पोहोचवण्याची हमी कंपनी देत नाही. गंमत म्हणजे डबा धक्क्यावर थांबला की त्याचे भाडे, रीफर असेल तर विजेच्या जोडणीचा आकार, हे सारे मालवाल्याकडे मागितले जाऊ शकते. मामाच्या गटाला तसे बिल आले होते. ज्या उशिरात त्यांचा दोष नव्हता, त्याच उशिराचे. माल पुढच्या जहाजाने गेला, बराच उशिरा पोहोचला, तिकडच्या खरेदीदाराने दर कापला आणि ती कपात गटातल्या प्रत्येकाच्या हिशेबात आली.

२०२० च्या सुरुवातीला महासाथीत कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर फेऱ्या रद्द केल्या. मागणी परतली तेव्हा जहाजे अपुरी, डबे अपुरे, बंदरे तुंबलेली. ‘ड्रुरी’ या संस्थेच्या निर्देशांकानुसार ४० फुटी डब्याचा दर २०१९ मध्ये सरासरी १,४२० डॉलर होता, तो सप्टेंबर २०२१ मध्ये १० हजार डॉलरच्या वर गेला. २०२२ मध्ये एकट्या मर्स्कने २९ अब्ज डॉलरचा निव्वळ नफा कमावला. कंपन्यांनी महासाथ घडवली नाही हे खरे. पण वेळापत्रक ज्याच्या हातात असते, त्याला टंचाईतही कमाई होते, हे त्या दोन वर्षांत दिसले.

दर आणि मार्ग ठरवते कोण?

लायनर कंपन्यांनी एकत्र बसून व्यवहार ठरवणे नवीन नाही. त्याची सुरुवातच मुळी भारताच्या मार्गावर झाली. १८७५ मध्ये ब्रिटन-कलकत्ता मार्गावरच्या कंपन्यांनी ‘कॉन्फरन्स’ स्थापन केली. सगळ्यांनी सारखे दर लावायचे. आणि व्यापाऱ्याने फुटून बाहेरच्या जहाजाला माल देऊ नये म्हणून नंतर ‘डिफर्ड रिबेट’ची युक्ती आली. भाड्यातली सूट लगेच द्यायची नाही, पुढचे काही महिने तो आपल्याशीच इमानदार राहिला तरच द्यायची. व्यापारी स्वतःच्याच पैशाने बांधला जाई.

या भिंतीवर धडक देणाऱ्यांत सोलापूरचा एक माणूस होता. वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह १९१९ मध्ये ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’ काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांचे ‘एसएस लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाले. आपण दरवर्षी ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो, तो त्याची आठवण म्हणून. पण त्यानंतर काय झाले हे त्या दिवसाच्या भाषणांत फारसे येत नाही. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडले, व्यापाऱ्यांना रिबेटच्या धाकात ठेवले. सिंदियाला १९२३ मध्ये तडजोड करून आपल्या टनभारावर मर्यादा मान्य करावी लागली. त्याआधी १९०६ मध्ये व्ही. ओ. चिदंबरम पिल्लई यांनी तुतिकोरिन-कोलंबो मार्गावर स्वदेशी जहाज कंपनी उभी केली होती. तीही टिकू दिली गेली नाही. जहाज घेणे अवघड होतेच, पण मार्गावर टिकणे त्याहून अवघड होते.

कॉन्फरन्सना युरोपीय संघाने २००८ मध्ये आपल्या हद्दीत बंदी घातली. तोवर त्यांची जागा ‘अलायन्स’नी घ्यायला सुरुवात केली होती. यात दर एकत्र ठरवता येत नाहीत, पण जहाजांवरची जागा वाटून घेता येते. तुम्ही एका कंपनीकडे बुकिंग करता, डबा दुसऱ्याच कंपनीच्या जहाजावरून जातो. फेब्रुवारी २०२५ पासून मर्स्क आणि हॅपाग-लॉइड यांची ‘जेमिनी’ सुरू झाली. सीएमए सीजीएम, कॉस्को, एव्हरग्रीन, ओओसीएल यांची ‘ओशन अलायन्स’ आहे. वन, एचएमएम, यांग मिंग यांची ‘प्रीमियर अलायन्स’ आहे. एमएससी बहुतांश स्वबळावर चालते. पूर्व-पश्चिम व्यापाराचे वेळापत्रक या चार ठिकाणी ठरते.

जागा वाटून घेतल्याने अर्धी रिकामी जहाजे कमी धावतात, इंधन वाचते. हा मुद्दा प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. जेमिनीने तर ९० टक्क्यांहून अधिक वेळा वेळेवर पोहोचण्याचे लक्ष्य जाहीर केले. पण त्याची रीत अशी की मोठी जहाजे मोजक्याच बंदरांवर थांबणार, बाकीच्यांना छोट्या फीडर जहाजांनी जोडणार. महामार्गावरची शिवशाही आणि गावाकडची जोडबस, तसेच. त्यामुळे आपले बंदर थांबा आहे की जोडबसचे गाव, हा प्रश्न मोलाचा ठरतो. युरोपीय संघाने अलायन्सना स्पर्धा कायद्यातून दिलेली विशेष सूट एप्रिल २०२४ मध्ये संपली आणि ती वाढवली नाही. भारतानेही २०१८ मध्ये अशा जहाज-वाटप करारांना तीन वर्षांची सूट दिली होती. त्या निर्णयावर आपल्याकडे चर्चा किती झाली? एखाद्या टोलनाक्यावर होते तितकीही नाही.

भारत या नकाशावर कुठे आहे?

वजनाच्या हिशेबाने आपला सुमारे ९५ टक्के परदेशी व्यापार समुद्रातून होतो. सरकारच्याच आकड्यांनुसार भारताच्या आयात-निर्यात मालात भारतीय जहाजांचा वाटा १९८७-८८ मध्ये ४०.७ टक्के होता, तो २०१८-१९ मध्ये ७.८ टक्क्यांवर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगरला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सांगितले की परदेशी जहाज कंपन्यांना भारत वर्षाला सुमारे सहा लाख कोटी रुपये देतो, जवळपास संरक्षण खर्चाइतके.

दुसरी अडचण ट्रान्सशिपमेंटची. ज्या भारतीय डब्यांना वाटेत जहाज बदलावे लागते, त्यातले सुमारे ७५ टक्के परदेशी बंदरांत बदलतात, मुख्यतः कोलंबो, सिंगापूर आणि पोर्ट क्लांगमध्ये. केरळमधले विळिंजम बंदर हे बदलण्यासाठीच उभे राहिले. जुलै २०२४ मध्ये तिथे पहिले मोठे कंटेनर जहाज आले, मे २०२५ मध्ये औपचारिक उद्घाटन झाले आणि जूनमध्ये २४ हजारांहून अधिक टीईयूचे ‘एमएससी इरिना’ तिथे लागले.

आपल्या राज्यात पालघरजवळ वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. खर्च ७६ हजार कोटींहून अधिक, नऊ कंटेनर टर्मिनल, किनाऱ्याजवळच सुमारे २० मीटर खोली. जगातली सर्वात मोठी जहाजे तिथे लागू शकतील, असा दावा आहे. तिथल्या मच्छीमारांचा विरोध जुना आणि ठाम आहे. ज्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकली तिथे भराव पडणार, हे त्यांचे म्हणणे ‘विकासाला विरोध’ म्हणून उडवून लावण्यासारखे नाही.

माझा मुद्दा त्याला जोडूनच आहे. इतकी मोठी किंमत काहींकडून वसूल करून आपण बंदर बांधतो, तेव्हा ‘त्यावर जहाज कोणाच्या मर्जीने थांबणार?’ हा प्रश्न विचारायलाच हवा. बंदर म्हणजे स्टँड. स्टँड कितीही चकाचक बांधला, तरी गाडी थांबवायची की नाही हे गाडीवाला ठरवतो. कंपनीने सेवा हलवली तर टर्मिनल जागेवर राहते आणि डबे दुसरीकडे जातात.

मग आपलीच लायनर कंपनी काढावी का?

सध्या हा सूर मोठा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जहाजबांधणी आणि सागरी क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटींचे पॅकेज मंजूर केले. जहाजे देशात बांधावीत, देशाच्या झेंड्याखाली चालावीत, हा हेतू चांगला आहे. पण दोन गोष्टी विसरू नयेत.

पहिली, आपल्याकडे सरकारी जहाज कंपनी आधीपासून आहे. शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया २ ऑक्टोबर १९६१ ला स्थापन झाली. २०१९ मध्ये तिच्या विक्रीला तत्त्वतः मंजुरी दिली गेली. आज तिची स्वतःची कंटेनर जहाजे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. जी कंपनी विकायला काढली होती, तिच्यासारखीच नवी उभी करायची असेल, तर मधल्या काळात आपण काय शिकलो हे आधी सांगितले पाहिजे.

दुसरी, हानजिनचा धडा. दक्षिण कोरियाची ही कंपनी जगातल्या पहिल्या दहांत होती. ३१ ऑगस्ट २०१६ रोजी तिने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला आणि जहाजे जिथे होती तिथे अडकली. बंदरे आत घेईनात, कारण पैसे कोण देणार? सुमारे १४ अब्ज डॉलरचा माल समुद्रावर लटकला. झेंडा कोरियाचा होता म्हणून कोरियन निर्यातदार वाचले नाहीत. पुढे कोरियाने दुसऱ्या कंपनीत, एचएमएममध्ये, सरकारी पैसा ओतून मोठी जहाजे घेतली आणि ती कंपनी उभी राहिली. म्हणजे हे जमते. पण वाईट वर्षांत तोटा सोसायची तयारी लागते. एक जहाज घेऊन साप्ताहिक सेवा होत नाही, वर पाहिले तसे सात लागतात, वळसा पडला तर अकरा. अर्धवट उतरायचे असेल तर न उतरलेले बरे.

माल बुडाला तर?

वेळापत्रकाबरोबर जोखीमही दुसऱ्यांच्या हातात जाते. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ सुएझ कालव्यात सहा दिवस आडवे अडकले. त्यावरचे २५ खलाशी भारतीय होते. सुटकेनंतर मालकाने ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ जाहीर केले. ही फार जुनी सागरी प्रथा. जहाज वाचवायला आलेला असाधारण खर्च जहाजाचा मालक आणि मालाचे सर्व मालक यांनी आपापल्या जहाजाच्या वा मालाच्या किमतीच्या प्रमाणात उचलायचा. आपला डबा सुखरूप असला, तरी वर्गणी द्यायची. विमा असेल तर विमा कंपनी बघते, नसेल तर खिशातून. छोट्या निर्यातदारांपैकी कितीजण सागरी विम्याचा कागद नीट वाचतात?

मे २०२५ मध्ये ‘एमएससी एल्सा ३’ विळिंजमहून कोचीला जाताना केरळच्या किनाऱ्यापाशी बुडाले. २४ खलाशी वाचले, पण ६४० डब्यांतले कित्येक समुद्रात गेले आणि प्लास्टिकचे बारीक दाणे केरळच्या किनाऱ्यावर पसरले. मालकी परक्याची असली, तरी किनारा आपलाच असतो.

मग करायचे काय?

जहाजे घ्यायला दहा-पंधरा वर्षे लागतील. नियम करायला तेवढी लागत नाहीत. अमेरिकेकडेही आज जगातल्या पहिल्या दहांत येणारी लायनर कंपनी नाही. पण तिथे फेडरल मेरिटाइम कमिशन आहे आणि २०२२ मध्ये तिथे नवा कायदा आला. कंपनीने रास्त कारणाशिवाय जागा नाकारू नये, आणि डबा अडकल्याचे भाडे लावले तर ते वाजवी आहे हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची. जहाज परक्याचे, पण माल आमचा आणि बंदर आमचे, म्हणून नियम आमचा, हा त्यामागचा विचार.

आपणही २०२५ मध्ये १८५६ चा बिल ऑफ लेडिंग कायदा आणि १९२५ चा सागरी मालवाहतूक कायदा बदलून नवे कायदे केले. शंभर-दीडशे वर्षे जुनी भाषा गेली, हे उत्तम. पण छोट्या निर्यातदाराच्या बाजूने तीन साध्या गोष्टी अजून हव्यात, असे मला वाटते.

एक, फेरी रद्द करायची तर ठरावीक दिवस आधी लेखी सूचना, आणि प्रत्येक बंदरावर कोणत्या कंपनीची जहाजे किती वेळा वेळेवर आली, किती डबे मागे राहिले, याचा दरमहा जाहीर तक्ता. रेल्वेचा उशीर आपण मोबाइलवर पाहतो, मग जहाजाचा का नाही? दोन, डबा कंपनीने मागे ठेवला असेल तर त्या दिवसांचे भाडे आणि वीज मालवाल्याकडून घ्यायची नाही, हा स्पष्ट नियम. तीन, नाशवंत मालाला हंगामात ठरावीक रीफर जागा राखीव. मोठ्या टर्मिनलना सवलती देताना ही अट घालता येईल. आपल्याकडे मालाची कमतरता नाही, म्हणजे वाटाघाटीत बोलायला तोंड आहे. ते आपण वापरत नाही.

कंपन्या म्हणतील की यामुळे दर वाढतील. थोडे वाढतीलही. पण आजही उशिराची किंमत कोणी तरी देतोच आहे. ती सर्वांत कमी बोलू शकणारा देतो, आणि ती कुठल्या दरपत्रकात दिसत नाही.

जगातल्या जहाजांवर काम करणाऱ्यांत भारतीयांचा वाटा सुमारे १२ टक्के असल्याचे सरकार सांगते. म्हणजे जहाज चालवणारे हात आपले आहेत, भरणारा माल आपला आहे, बंदरे आपण बांधतो आहोत. नाही ते फक्त वेळापत्रकात मत.

हा लेख लिहिण्याआधी मामाला फोन केला होता. तुझा किस्सा छापू का, म्हणून विचारायला. ‘‘छाप की,’’ तो म्हणाला, ‘‘पण नुसतं जहाज मोठं किती, ते नको लिहूस. आमचा डबा मागं राहिला तर कुणाला फोन करायचा, तेवढं विचार.’’

विचारते आहे.